‘डाउन सिग्नल्स’ची माणसे

हलसूर, बंगळूर
रविवार, १५ जानेवारी १९६७

श्री. अरविंद यांना,

विमलाचा नमस्कार आणि कालच्या संक्रांतीचा तिळगूळ. पाकिटात घातला असता तर वाटेत कागदाला चिकटला असता, म्हणून शब्दानेच पाठवते. तुमचे ता. ९ चे पत्र शुक्रवारी कारखान्याच्या पत्त्यावर मिळाले. तुमच्या आत्यांचा गुडघा आता बरा असेल. इथे सकाळी अजून थंडी आहे आणि माझी प्रकृती चांगली आहे.

तुम्ही लिहिले आहे, “त्या बँडमध्ये कोण कोण आहेत आणि तुम्ही तिथे काय करता, हे मला दुसऱ्या कोणाकडून नको, तुमच्याकडून कळावे.” आधी जे घडले ते क्रमाने लिहिते.

१. जुलै १९६४ : स्पीकर ऐकून तपासण्याचे काम सोडून मी कारखान्यात मीटर लावून तपासणी होते त्या, मीटरच्या खोलीत बदली मागून घेतली.

२. ऑक्टोबर १९६४ : ‘द डाउन सिग्नल्स’ नावाच्या बँडचा बंद पडलेला ॲम्प्लिफायर मी दुरुस्त केला.

३. जानेवारी १९६५ पासून त्यांच्या प्रत्येक कार्यक्रमात स्टेजवर बसून ॲम्प्लिफायर आणि माईक मी सांभाळते. आजपर्यंत एकतीस कार्यक्रम झाले.

४. २० नोव्हेंबर १९६६ : बेळगावी आमच्या घरी तुम्ही, आत्या आणि तुमचे विश्वासरावकाका मला पाहायला आलात. बँडविषयी मी बोलले नाही.

५. २४ डिसेंबर : के. आर. पुरमच्या रेल्वे वसाहतीत नाताळचा कार्यक्रम झाला. विश्वासरावकाका कामासाठी बंगळुरास आले होते, ते हॉलमध्ये होते. त्यांनी मला चार परक्या माणसांबरोबर, साडीवर पुरुषी निळा कोट घातलेली आणि तोंडात स्क्रूड्रायव्हर धरलेली पाहिले. यातले काहीही खोटे नाही.

६. काका मला न भेटता परतले.

७. तुम्ही मला पत्र लिहिले.

सातव्या क्रमांकाबद्दल मी तुमचे आभार मानते. हे शिष्टाचाराचे वाक्य नाही. ५ फेब्रुवारीचा साखरपुडा मोडायला काकांचा शब्द पुरेसा होता. माझ्या आप्पांना दोन ओळींचे कार्ड गेले असते आणि कारण कोणी सांगितले नसते. तुम्ही विचारलेत, आणि मला विचारलेत. म्हणून उत्तर पूर्ण देणार आहे, लांबले तरी.

पहिला येसाजी, कारण मी त्याच्या घरी राहते. हलसूरच्या या घराच्या मालकीणबाई सोयराबाई, येसाजी त्यांचा थोरला मुलगा. त्यांचे घराणे तीनशे वर्षांपासून इथले. त्यांच्या मराठीत कानडी इतके मिसळले आहे की पहिला महिना मला अर्धेच कळत असे. येसाजीचे शिवणाचे दुकान आहे आणि तो गिटार वाजवतो. वय तेहेतीस. लग्न झालेले आहे, दोन मुली आहेत. तुमच्या पत्रात हा प्रश्न नव्हता, पण काकांच्या मनात असेल.

ऑक्टोबरात एका संध्याकाळी तो माझ्या खोलीच्या दाराशी लाकडी खोके घेऊन उभा राहिला.

“विमलक्का, तुम्ही स्पीकरच्या फ्याक्टरीत आहात म्हणे. हे स्वल्प बघा की. शनिवारी लग्न आहे आणि हा मेला तोंडच उघडत नाही.”

मी म्हणाले, “मी आता मीटरच्या खोलीत असते.”

“असा की मग. मीटर घेऊन बघा.”

एक कंडेन्सर गेला होता. वीस मिनिटांचे काम. त्याने चालू करून गिटारची एक तार छेडली आणि मला म्हणाला, “सरी, बरं झालं, आता बोलतोय. पण शनिवारी लग्नात परत रुसला तर? तुम्ही या. आई पण येईल.” मी गेले. सोयराबाईही आल्या आणि त्यानंतर एकही कार्यक्रम त्यांनी चुकवलेला नाही. पहिल्या रांगेत पानाचा डबा मांडीवर घेऊन बसतात. काकांचे लक्ष स्टेजकडे असल्यामुळे त्या दिसल्या नसाव्यात.

बँड कसला, ते सांगायला हवे. हे लोक स्वतःची गाणी करत नाहीत. विलायतेतल्या रेकॉर्डवरची इंग्रजी गाणी आणि थोडी सिनेमातली हिंदी गाणी ऐकून बसवतात आणि लग्नात, क्लबात, नाताळच्या नाचाला वाजवतात. नाव देवाप्पाने ठेवले.

देवाप्पा ड्रम वाजवतो आणि के. आर. पुरमला रेल्वेत सिग्नलचा फिटर आहे. सिग्नलचा हात खाली आला की गाडीने निघायचे, म्हणून ‘डाउन सिग्नल्स’. त्याची भाषा कानडी. माझ्याशी कानडी, हिंदी आणि येसाजीकडून उचललेले मराठी एकत्र करून बोलतो. मोठ्या अंगाचा आहे, आणि इतका वक्तशीर की सराव साडेपाचला असेल तर पाच पंचवीसला जिन्यात उभा राहून पाच मिनिटे वाट पाहतो आणि मग वर येतो.

गाणारी बाई आहे. डोरीन. वय बेचाळीस, विधवा, इथल्या ट्रंक टेलिफोनच्या एक्स्चेंजमध्ये अठरा वर्षे ऑपरेटर. तुमच्या पत्रानुसार काकांनी जिला ‘फ्रॉकवाली’ म्हटले ती हीच. तिचा आवाज बायकी आवाजापेक्षा बराच खाली आहे. फोनवर लोक तिला ‘सर’ म्हणतात आणि ती त्यांना दुरुस्त करत नाही. “बिचाऱ्यांना नंबर हवा असतो, ऑपरेटर नाही,” असे म्हणते. (ती इंग्रजीत बोलते, मराठी माझे.)

या चौघांची जी चूक आहे ती मी शोधून काढली. तुम्ही ड्राफ्ट्समन आहात, तुम्हाला ती आवडेल असे वाटते.

ते गाणी शिकत ती डोरीनच्या दिराने अमेरिकेहून आणलेल्या ग्रामोफोनवर. आपल्याकडच्या विजेचा दाब तिथल्यापेक्षा जास्त, म्हणून त्यांनी ट्रान्सफॉर्मर घेऊन लावला होता आणि त्याचा त्यांना अभिमान होता. एकदा सुई बदलायला मी ते यंत्र उलटे केले तर तळाच्या पट्टीवर ‘६० सायकल’ असे लिहिलेले. आपली वीज पन्नास सायकलची, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनांची. ट्रान्सफॉर्मरने दाब बदलतो, सायकल बदलत नाहीत. मोटरचा वेग सायकलवर ठरतो, म्हणून ती हळू फिरणार. मी तबकडीवर कागदाचा कपटा ठेवला आणि घड्याळ लावून फेरे मोजले. तीन मिनिटांत शंभर व्हायला हवे होते. त्र्याऐंशी झाले.

म्हणजे दोन वर्षे त्यांनी शिकलेले प्रत्येक गाणे मुळापेक्षा सहाव्या हिश्श्याने संथ आणि गिटारच्या तीन पडद्यांनी खाली होते. मी हे चौघांना सांगितले.

मग येसाजी म्हणाला, “म्हणजे आम्ही रेड्यावर बसून गाणी शिकलो म्हणायचं.”

देवाप्पा म्हणाला, “मेल म्हणून सोडली. निघाली गूड्स गाडी.”

मी कारखान्यातल्या लेथवर पितळेची एक बारीक नळी करून घेतली आणि मोटरच्या दांड्यावर बसवली, म्हणजे दांडा जाड होऊन तबकडी भरभर फिरते. फेरे बरोबर शंभर. त्यांनी एक गाणे नव्या वेगाने बसवून पाहिले. दुसऱ्या ओळीला डोरीनचा आवाज फाटला. तिने पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा ती थांबली, पाणी प्याली आणि रेकॉर्डकडे बोट दाखवून म्हणाली, “ही बाई दुसरी कोणी तरी आहे. मी तिला ओळखत नाही.”

तेव्हा समजले की बंगळुरातली पन्नाशीची जोडपी ‘डाउन सिग्नल्स’ना का बोलावतात. इतर बँडच्या गाण्यांवर त्यांना धाप लागते. यांच्या गाण्यावर नाचता येते, आणि डोरीनचा खालचा आवाज त्यांना आवडतो. येसाजीने मला नळी काढायला सांगितली. मी तयार नव्हते. मोजून सापडलेली चूक तशीच ठेवायची, हे मला शिकवलेले नाही.

देवाप्पा म्हणाला, “अक्का, लेट गाडी रोज त्याच मिनिटाला लेट आली, तर ती टायमावरच म्हणायची.”

नळी मी काढली. त्या दिवसापासून मी त्यांच्यातली झाले असे मी धरते, कारण त्या दिवशी पहिल्यांदा माझे म्हणणे चौघांनी पूर्ण ऐकून घेतले आणि मग मान्य केले नाही. कारखान्यात यातले एकच काही तरी होते.

कोटाचे सांगते. सुरुवातीला मी साडीतच स्टेजवर बसत असे. प्रत्येक हॉलमध्ये कोणी तरी विचारायचे, ही बाई कोणाची? येसाजीने दोन कार्यक्रम ऐकून घेतले. तिसऱ्याच्या आधी चौघांच्या कोटाच्याच कापडातला कोट माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाला, “घाला. अंगावर कोट असला की बँडवाला. नसला की बाई कोणाची, असं विचारतात.” त्यानंतर कोणी विचारलेले नाही. आतल्या बाजूला स्क्रूड्रायव्हर, टेस्टर आणि फ्यूजची तार ठेवायला तीन खिसे आहेत. मी मागितले नव्हते. त्याने माझ्या टेबलावर काय काय असते ते पाहून शिवले.

चौथा सेल्वराज. बास गिटार वाजवतो, एका तमिळ छापखान्यात प्रुफे तपासतो. त्याच्याविषयी लिहिणे कठीण आहे, कारण तो बोलत नाही. पहिल्या आठ महिन्यांत त्याची बारा वाक्येही माझ्या कानावर आली नसतील.

मे १९६५ मध्ये एका क्लबात आम्ही पोहोचलो तर माझे टेबल नेहमीच्या जागी नव्हते. मी स्टेजच्या उजव्या टोकाला बसत असे. टेबल डाव्या टोकाला नेलेले होते. सेल्वराजने हलवले होते. मी कारण विचारले.

तो म्हणाला, “इकडून वायर कमी लागते.”

कार्यक्रम संपल्यावर मी वायर मोजली. सहा फूट जास्त लागली होती.

सोबत स्टेजचा आराखडा जोडला आहे, प्रमाण एक इंचास चार फूट. पहिल्या आकृतीत जुनी जागा, दुसरीत नवी. माझे तोंड प्रेक्षकांकडे आहे असे धरून पाहा. जुन्या जागेत बँड माझ्या डाव्या हाताला येतो. नव्या जागेत चारही माणसे उजव्या हाताला येतात.

वर क्रमांक १ पुढे मी कारण लिहिलेले नाही, हे तुमच्या लक्षात आले असेल.

मे १९६४ मध्ये मला गालगुंड झाले. ताप नऊ दिवस होता. दहाव्या दिवशी उतरला तेव्हा डाव्या कानाने ऐकू येणे बंद झाले होते. कमी झाले नाही, बंद झाले. इथल्या मोठ्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी दोनदा तपासले. आतली शीर गेली आहे, ती परत येत नाही. उजवा कान पूर्ण चांगला आहे. त्याची चाचणी मी स्वतः दर सहा महिन्यांनी कारखान्यातल्या ऑसिलेटरवर करते, आकडे वहीत आहेत, पाहिजे असल्यास नक्कल पाठवीन. हा दोष रक्तातून मुलांकडे जात नाही, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे.

एका कानाने आवाज ऐकू येतो, पण तो कुठून येतो ते कळत नाही. स्पीकर तपासणारीला घरघर ऐकू आली आणि रांगेतल्या कोणत्या स्पीकरची ते सांगता आले नाही, तर तिने त्या बाकावर बसू नये. म्हणून मी बदली मागितली. आमच्या फोरमनना कारण सांगितले, त्यांनी ते स्वतःजवळ ठेवले. घरी मी सांगितले नाही. आप्पांनी मला शिकवण्यासाठी लोकांचे बरेच ऐकून घेतले होते. मुलीने रेडिओचे शिक्षण घेतले आणि तिलाच ऐकू येत नाही, हे त्यांना लोकांकडून ऐकावे लागेल असे मला वाटले. हे कारण झाले, समर्थन नाही.

स्क्रूड्रायव्हरचेही यात आले. हॉलमध्ये गुरगुर सुरू झाली की तीन खोक्यांपैकी कोणते गुरगुरते ते मला कळत नाही. म्हणून मी स्क्रूड्रायव्हरचे टोक एकेका खोक्याच्या लाकडाला लावते आणि मूठ दातांत धरते. दातांतून आवाज हाडात येतो आणि हाडातून चांगल्या कानात. ज्या खोक्याशी दात झिणझिणतात ते खोके. काकांना विचित्र दिसले असेल. या पद्धतीने मी कधी चुकलेले नाही.

आता त्या सहा फूट वायरकडे येते. सेल्वराजला कळले होते. मी त्याला काही बोलले नाही, त्याने मला काही विचारले नाही. पण पुढच्या सरावाला मीच चौघांना सांगितले. येसाजीने “अय्यो” म्हटले आणि आईला बोलवायला निघाला. देवाप्पाने त्याला कॉलर धरून बसवले.

देवाप्पा म्हणाला, “रेल्वेत ड्रायव्हर आणि गार्ड एकमेकांना हाका मारतात काय? इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू येतं? हात दाखवायचा. झेंडा दाखवायचा.” आणि त्याने तिथल्या तिथे खुणा ठरवल्या. ड्रमची काठी उभी म्हणजे आवाज वाढव. आडवी म्हणजे कमी कर. काठी खांद्यावर म्हणजे माईक गेला. मग म्हणाला, हा नियम सर्वांना, फक्त अक्काला नाही. आता गिटारवाला ड्रमवाल्याशीसुद्धा हातानेच बोलतो. एका लग्नात नवरदेवाच्या मामांनी विचारले की हे लोक वाजवतात की गाडीचे डबे जोडतात.

हे चौघे माझ्यावर दया करत नाहीत. खूण चुकली तर ओरडतात, तेही उजव्या बाजूला येऊन.

डोरीनने मात्र मला सहजासहजी सोडले नाही. ती जिन्यात थांबली आणि म्हणाली, “मी तुला आठ महिने पाहते आहे. तुला ऐकू येत नाही तेव्हा तू मान डोलावतेस.”

मी म्हणाले, “कधी कधी. लोकांचा वेळ जाऊ नये म्हणून.”

“अठरा वर्षांत मी एकही नंबर अंदाजाने जोडलेला नाही. ऐकू आला नाही तर परत विचारते. समोरचा चिडतो. चिडू दे. अंदाजाने जोडलं तर दोन चुकीची माणसं एकमेकांशी बोलत बसतात, आणि पहिली तीन मिनिटं दोघांनाही पत्ता नसतो.”

मी हो म्हणाले, आणि त्यानंतर दीड वर्ष ते पाळले. सरावात, कारखान्यात, बसमध्येही. “परत सांगा, या कानाने ऐकू येत नाही,” एवढे वाक्य. पहिल्या महिन्यात जड गेले, मग गेले नाही. हे वाक्य मला बोलता येते ते या चार माणसांमुळे. त्यांच्याविषयी तुम्ही विचारलेत त्याचे खरे उत्तर एवढेच आहे. बाकीचे तपशील आहेत.

पण २० नोव्हेंबरला बेळगावात मी ते बोलले नाही.

तुम्ही येणार त्याच्या आदल्या दिवशी मी आमच्या बाहेरच्या खोलीतली खुर्ची चार फूट सरकवून डाव्या भिंतीला लावली, म्हणजे सगळे पाहुणे माझ्या उजव्या हाताला येतील. आईला सांगितले की तिथे उजेड चांगला आहे. हे मी समजून-उमजून केले. आत्या मध्येच उठून त्या भिंतीतल्या खिडकीच्या कट्ट्यावर, माझ्या डाव्या बाजूला येऊन बसल्या आणि त्यांनी काही विचारले असावे, कारण सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी खाली पाहिले. आत्या म्हणाल्या, “लाजाळू आहे पोरगी. बरं आहे.” मी लाजाळू नाही. आत्यांना तसे वाटू दिले, त्याबद्दल त्यांची क्षमा मागते. हे पत्र त्यांना दाखवायला माझी हरकत नाही.

नंतर तुम्ही मला विचारलेत की स्पीकरमधला थरथरणारा कागद फाटत कसा नाही. मी सांगायला लागले आणि तुम्ही मध्ये बोलला नाहीत. चहा निवला तरी पूर्ण ऐकलेत, आणि मग विचारलेत की कागदाच्या कडेला नागमोडी वळ्या का ठेवतात. हा योग्य प्रश्न होता. मला पाहायला याआधी तिघे आले होते, त्यांनी स्वयंपाकाचे विचारले. त्या चहाच्या वेळी मी ठरवले की हे लग्न व्हावे. हे मी आप्पांनासुद्धा सांगितलेले नाही.

तुम्ही निघालात तेव्हा मी फाटकापर्यंत आले. तिथे खुर्च्या नव्हत्या. तुम्ही माझ्या डाव्या बाजूने चालत होतात. फाटकाची कडी काढताना तुम्ही माझ्याकडे न पाहता काही तरी विचारलेत. तुमचे ओठही मला दिसले नाहीत. मग तुम्ही वळून उत्तराची वाट पाहिलीत, आणि मी मान डोलावली.

तुमच्या पत्रातले शेवटचे वाक्य असे आहे : “फाटकाजवळ विचारले तेव्हा तुम्ही हो म्हणालात, त्यामुळे काकांचे ऐकून मला जास्त वाईट वाटले.” मी ते शुक्रवारपासून अनेकदा वाचले. मी कशाला हो म्हटले ते मला माहीत नाही. नोकरी सोडण्याला, हुबळीला तुमच्या घरी येऊन राहण्याला, की तुमच्यापासून काही लपवणार नाही या शब्दाला, हे मी अंदाजाने ठरवू शकत नाही. यांपैकी तिसरे असेल तर मी तो शब्द देतानाच मोडला आहे.

आजच आप्पांनाही वेगळे पत्र टाकते आहे, कानाविषयी सर्व लिहून. म्हणजे तुम्ही नकार दिलात तर त्यांना कारण माहीत असेल आणि ते तुम्हाला दोष देणार नाहीत. नकार दिलात तर मीही देणार नाही. लपवले मी आहे.

होकार देणार असाल तर दोन गोष्टी आधी माहीत असाव्यात. कान सुधारणार नाही. आणि बंगळुरात आहे तोवर मी या चौघांबरोबर जाईन, कोट घालून. पुढचा कार्यक्रम शनिवारी २१ तारखेला हेब्बाळला आहे, एका लग्नाचा. दुसरीकडे राहायला गेल्यावर काय करायचे ते तेव्हा दोघांनी ठरवावे. चौघांनाही मी हे पत्र लिहीत असल्याचे सांगितले आहे. येसाजी म्हणाला, “आमच्याबद्दल स्वल्प चांगलं लिहा.” डोरीनने पाकिटावरचा पत्ता माझ्याकडून परत एकदा वाचून घेतला. देवाप्पाने काठी उभी धरली. सेल्वराजने जोडलेला आराखडा पाहिला आणि एका जागी आकडा चुकला होता तो दुरुस्त करून दिला.

तर माझी विनंती अशी. फाटकापाशी तुम्ही जे विचारलेत ते कागदावर लिहून मला पुन्हा विचारा. तुमच्या मनात अजून असेल तर. या वेळी मी प्रश्न ऐकून उत्तर देईन आणि ते मी दिलेले पहिले उत्तर समजावे. आता विचारायचे नसेल तर तेवढेच एका ओळीत कळवा. साखरपुड्याची आमंत्रणे आप्पा महिनाअखेरीस टाकणार आहेत. २६ तारखेला सुटी असल्यामुळे टपाल येत नाही. तरी बुधवार, २५ जानेवारीपर्यंत तुमचे पत्र माझ्या हाती पडेल असे करावे.

‘आपली’ हा शब्द त्या उत्तरापर्यंत लिहीत नाही.

विमला